ज्याला मान्य त्यानं गप्प बसावं

रामभाऊंना अमेरिकेत अल्फारेटाला येऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात त्यांची समजूत झाली होती की या गावात माणसं दोनच गोष्टी करतात, गाडी चालवतात आणि मीटिंगला बसतात. मुलगा आयुष सकाळी साडेसातला मीटिंगला जायचा. सून जागृती घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायची, ती कानाला हेडसेट लावून मीटिंगमध्येच असायची. रामभाऊ चहाचा कप घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर बसायचे आणि समोरच्या पाइनच्या झाडांकडे बघायचे. त्या झाडांची मीटिंग नव्हती.

नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं पाली शिकवलं होतं. वर्गात कधी नऊ जण असत, कधी चार. एका साली एकच होता, तोही पाली आवडतं म्हणून आलेला नव्हता. पण रामभाऊ शिकवताना एका विषयावर आले की चौघांपुढेही चारशे असल्यासारखे बोलत. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खू सभा कशी भरवत, ठराव कसा मांडत, भांडण झालं तर मतं कशी घेत, हा तो विषय. वैशालीसारख्या गणराज्यांत राजाच नसे, सगळे एकत्र बसून बोलून ठरवत, तिथलीच ही रीत संघात आली असावी, असं ते सांगत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण या विषयावर त्यांना कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता. अशी एक सभा आपण एकदा चालवून बघावी, ही हौस तर त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. कांताबाई या खेपेला नागपुरातच थांबल्या होत्या, मुलीच्या बाळंतपणासाठी.

जून महिन्यात एका रविवारी जागृती म्हणाली, "बाबा, आज चला आमच्याबरोबर. मंडळाची मीटिंग आहे. घरी एकटे काय करणार?"

"मीटिंगच का?" रामभाऊ म्हणाले, पण शर्ट बदलून तयार झाले.

मंडळाचं नाव 'हितगुज'. पंचवीसेक घरं, कोणी पुण्याचं, कोणी मुंबईचं, दोन नागपूरची. वाद होता दिवाळीच्या कार्यक्रमाचा. एका पक्षाचं म्हणणं, मुलांचे छोटे छोटे कार्यक्रम ठेवावेत आणि आठला जेवण. हा प्रस्ताव जागृतीच्या नावावर होता. दुसरा पक्ष म्हणजे मोरेश्वर. पुण्याचा, डेटाबेसचं काम करणारा, पन्नाशीला टेकलेला, भारदस्त आवाजाचा माणूस. कॉलेजात असताना वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेल्या, आणि त्या ढाली पुण्याहून कंटेनरमधून आणून त्यानं आपल्या बेसमेंटमध्ये ओळीनं मांडलेल्या. त्यानं स्वतः तीन अंकी नाटक लिहिलं होतं, 'अथेन्सची सभा'. त्यात अकरा भाषणं होती.

मीटिंग त्याच बेसमेंटमध्ये होती. मोरेश्वर बोलायला उभा राहिला. ग्रीसमध्ये सामान्य नागरिक कसा दगडी पायऱ्यांच्या ओट्यावर चढून सगळ्या नगरासमोर बोलायचा, हे सांगता सांगता पाऊण तास गेला. एका आईच्या मांडीवरच्या मुलीनं विचारलं, "मॉम, इज ही डन?" आई म्हणाली, "नो बेटा." शेवटी ठरलं एवढंच, की पुढच्या रविवारी पुन्हा भेटायचं. ही तिसरी मीटिंग होती.

बाहेर पडताना अध्यक्ष सुवर्णाताई कपाळ चोळत म्हणाल्या, "काका, तुम्ही प्रोफेसर आहात ना? याच्यावर काही औषध आहे का?"

औषध रामभाऊंकडे होतं. पण पहिल्याच दिवशी पाली काढायला ते बिचकले. ते म्हणाले, "मोरेश्वररावांना अथेन्स आवडतं. तिथं न्यायालयात बोलणाऱ्याला पाणी मोजून देत. भांड्याला खाली भोक. पाणी संपलं की भाषण संपलं."

मागे उभ्या मोरेश्वरनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. "क्लेप्सिड्रा," तो म्हणाला. "काका, तुम्हाला माहीत आहे? लावा. मला पूर्ण मान्य आहे."

पुढच्या रविवारी सुवर्णाताईंनी पब्लिक लायब्ररीतली मोठी खोली घेतली, म्हणजे यजमानाच्या घरी बोलतोय असं कोणाला वाटू नये. खोली पाचला रिकामी करायची होती. रामभाऊंनी जागृतीकडून दह्याचा मोठा रिकामा डबा घेतला, तापलेल्या दाभणानं त्याच्या बुडाला भोक पाडलं आणि दोन दिवस सिंकपाशी उभं राहून, कमी-जास्त करत, बरोबर सहा मिनिटांचं पाणी बसवलं. डबा टेबलाच्या कडेवर, खाली पातेलं.

मोरेश्वर उभा राहिला. पाणी ठिबकू लागलं. दोन मिनिटांनी त्यानं खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "काका, पाणी थांबवा. मी आता मंडळाची घटना वाचतोय."

"म्हणजे?"

"अथेन्समध्ये कायदा किंवा पुरावा वाचताना पाणी थांबवत. तो वेळ वक्त्याचा धरत नसत."

हे खरं होतं. रामभाऊंना ते माहीत होतं आणि खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी भोकावर अंगठा धरला. मोरेश्वरनं घटना वाचली. मग गेल्या चार वर्षांचे मीटिंगचे अहवाल वाचले. मग, पुरावा म्हणून, नाटकाचा पहिला अंक. रामभाऊंचा अंगठा पांढरा पडला, सुरकुतला. आयुष मागच्या रांगेतून बापाकडे बघून हसू दाबत होता. पाचला पाच कमी असताना लायब्ररीतली बाई दारात येऊन उभी राहिली, तेव्हा डब्यात अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं.

घरी आल्यावर जागृतीनं डबा रिसायकलमध्ये टाकला आणि म्हणाली, "बाबा, तुमचं ते पालीतलं काय होतं? लग्नानंतर तुम्ही मला एकदा सांगायला लागला होतात आणि पाहुणे आले."

रामभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या ते लक्षात होतं.

"बस," ते म्हणाले. "जरा वेळ लागेल."

तिसऱ्या रविवारी रामभाऊंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. लायब्ररीच्या खोलीत रामभाऊ धरून बेचाळीस माणसं होती. आधीच्या फजितीची बातमी पसरल्यामुळे न येणारेही आले होते. सुवर्णाताईंनी सभा त्यांच्या हाती दिली.

"नियम साधा आहे," रामभाऊ म्हणाले. "प्रस्ताव मी मांडेन. एकदा नाही, तीनदा विचारेन. ज्याला मान्य आहे त्यानं गप्प बसायचं. ज्याला मान्य नाही त्यानंच बोलायचं. तिन्ही वेळा सगळे गप्प राहिले, तर प्रस्ताव मंजूर. भाषण नाही, हात वर नाही."

"म्हणजे बाजूनं बोलायचंच नाही?" राजीव नावाच्या गृहस्थानं विचारलं.

"बाजूच्या माणसाला बोलायची गरज काय? त्याचं काम होतंय नं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, "यार, हे ऑफिसमध्ये पाहिजे."

"कोणी बोललाच, तर?" मोरेश्वरनं विचारलं.

"तर तो विरोधात आहे असं धरायचं, आणि मग मतं घ्यायची."

मोरेश्वरनं मान डोलावली. त्याला ही रीत आवडलेली दिसली. जुनी होती, आणि जुन्याबद्दल त्याला आदर होता.

रामभाऊंनी घसा साफ केला. "मंडळींनी ऐकावं. या दिवाळीला मोरेश्वररावांचं 'अथेन्सची सभा' हे तीन अंकी नाटक करावं, असा प्रस्ताव आहे. ज्याला मान्य असेल त्यानं गप्प बसावं. ज्याला मान्य नसेल त्यानं बोलावं."

खोलीत शांतता पसरली. विरोध करणारे बरेच होते, पण पहिलं तोंड कोणी उघडायचं हा प्रश्न होता. मोरेश्वरशी वैर घेतलं तर पुढच्या पॉटलकला, घरोघरचे डबे आणून जेवायच्या वेळी, त्याच्याच टेबलावर बसावं लागतं. सगळे जागृतीकडे बघू लागले. जागृती स्वतःच्या नखांकडे बघत होती.

"दुसऱ्यांदा विचारतो," रामभाऊ म्हणाले, आणि सगळं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

एसीचा आवाज येत होता. मोरेश्वर खुर्चीच्या कडेला सरकला. त्याचे ओठ हलत होते. बायको शैलजा त्याच्या शेजारी बसली होती, तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो." रामभाऊंनी वाक्य सावकाश म्हटलं. शेवटचा शब्द झाला. आणखी एक श्वास घेतला असता तर नाटक मंजूर झालं असतं.

मोरेश्वर उभा राहिला.

"मंडळी, या ऐतिहासिक क्षणी दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही..."

शैलजानं डोळे मिटले. मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं आणि ते पुढच्या रांगेपर्यंत आलं. मोरेश्वरला आधी वाटलं लोक खूश आहेत. मग त्याला कळलं. तो उभा होता तसाच उभा राहिला, एक हात वर, तोंड उघडं.

"मोरेश्वररावांनी विरोध नोंदवला आहे," रामभाऊ गंभीरपणे म्हणाले. "आता मतं घेऊ."

"काका, मी आभार मानत होतो."

"बोललात नं."

मोरेश्वर खाली बसला. अपमान पचवायला त्याला थोडा वेळ लागला, पण नियम त्यानंच मान डोलावून मान्य केला होता. "बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "नियम म्हणजे नियम." त्या एका वाक्यानं तो रामभाऊंना एकदम आवडला.

मतांसाठी शलाका लागत, म्हणजे रंगीत काड्या. रामभाऊंनी आइसक्रीमच्या काड्यांचा गठ्ठा आणला होता, आदल्या दिवशी डेकवर बसून रंगवलेला. पिवळी नाटकाला, जांभळी मुलांच्या कार्यक्रमांना. जुन्या काळी काड्या वाटणारा माणूस निवडताना बघत, की तो आवडीनं वाकणारा नाही ना, रागानं, मूर्खपणानं, भीतीनं वाकणारा नाही ना, आणि कोणी काय घेतलं हे त्याला नीट समजतं ना. हे सांगताना रामभाऊंचे कान तापले, कारण सून एका बाजूला होती.

"मी बाजूला बसतो," ते म्हणाले.

"तुम्हीच बसा, काका," मोरेश्वर म्हणाला. "तुम्ही भोकावर अंगठा धरला होता. तुमच्यावर विश्वास आहे."

मत घ्यायच्या तीन तऱ्हा होत्या, उघड, गुप्त आणि कानात कुजबुजून. रामभाऊंनी तिसरी निवडली. खोलीच्या कोपऱ्यात पुस्तकांची एक ढकलगाडी आडवी लावली. एकेक जण मागे यायचा, रामभाऊ त्याच्या कानात सांगायचे, "पिवळी नाटकाची, जांभळी मुलांची. हवी ती घ्या आणि डब्यात टाका. कोणाला सांगू नका."

त्यांना वाटलं होतं लोक काडी टाकून जातील. पण अडीच हजार वर्षांत माणूस बदललेला नव्हता. कानात कोणी कुजबुजलं की त्यालाही कुजबुजावंसं वाटे. राजीव म्हणाला, "काका, मी पिवळी घेतो, माझा मुलगा नाचतो ते मलाच बघवत नाही." सुवर्णाताई म्हणाल्या, "जांभळी, आणि पुढच्या वर्षी मी अध्यक्ष नाही." आयुषनं जांभळी टाकली आणि म्हणाला, "बाबा, जेवण लवकर पाहिजे." मोरेश्वर आला, पिवळी काडी दोन्ही हातांनी डब्यात ठेवली आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेला.

मग शैलजा आली. तिनं जांभळी उचलली. रामभाऊंनी वर पाहिलं.

"सतरा वर्षं ऐकतेय, काका," ती हळूच म्हणाली. "एक दिवाळी मला गाणी ऐकू द्या."

सगळ्यात शेवटी जागृती आली. रामभाऊंनी तिलाही ठरलेलं वाक्य कानात सांगितलं. तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पिवळी काडी उचलली, टाकली आणि चालायला लागली.

रामभाऊंनी काड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकवीस पिवळ्या, वीस जांभळ्या.

तेव्हा त्यांना मोह झाला. जुन्या रीतीत काड्या वाटणाऱ्याला एक अधिकार होता. निकाल धम्माच्या विरुद्ध जातोय असं दिसलं, तर तो 'काड्या नीट घेतल्या गेल्या नाहीत' म्हणून सगळं परत करू शके. अकरा भाषणं धम्माला धरून आहेत का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. आपली लाडकी सून हरतेय असं सगळ्यांना वाटणार, हेही आलं. त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली, बाहेर आले आणि म्हणाले, "नाटक. एका काडीनं."

मोरेश्वरचा पक्ष टाळ्या वाजवू लागला. मोरेश्वर रामभाऊंपाशी येऊन हळूच म्हणाला, "शेवटच्या क्षणी उभा राहिलो तेच बरं झालं. कुंपणावरचे दोन-तीन जण माझ्या वाक्यानं हलले असणार."

रामभाऊंना एकेचाळीसही जणांचं खरं माहीत होतं, आणि त्यांना आयुष्यात प्रथमच समजलं की भिक्खू एवढे शांत का दिसत असतील.

संध्याकाळी उन्हं अजून डेकवर होती. आयुष आत फोनवर, कोण फुटलं याचा तपास करत होता. जागृती मेथी निवडत बसली. रामभाऊही जुडी घेऊन बसले.

"तुम्ही विचारत नाही, बाबा," ती म्हणाली.

"विचारता येत नाही. नियम आहे."

"मग मीच सांगते. तो प्रस्ताव माझा नव्हता. सगळ्या आयांनी माझ्या गळ्यात घातला, कारण मी ईमेल नीट लिहिते. मुलांचे कार्यक्रम म्हणजे मी दरवर्षी ग्रीनरूममध्ये. चाळीस मुलांच्या वेण्या. नागपूरला कॉलेजात मी तीन वर्षं नाटकात होते, पहिलं बक्षीस घेतलंय. इथं पाच वर्षं झाली, मला कोणी विचारलं नाही की तू काम करशील का. पडदा ओढशील का, एवढं विचारतात."

"का नाही विचारलं?"

जागृतीनं एक काडी मोडली. "त्यांचं आपापसांत ठरलेलं असतं, बाबा. पुण्याचे ओळखीचे. मुद्दाम करतात असं नाही. पण आपण त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही."

"मग आता?"

"आता येते," ती म्हणाली.

आणि तालमीला गेली. मोरेश्वरला ऑगस्टमध्ये माणसं मिळेनात. कोणाचं ऑफिसातलं रिलीज, कोणाची ऑन कॉल ड्युटी, कोणी इंडियाला गेलेलं. नाटकात सगळे अथेन्सचे पुरुष, आणि तालमीला आलेल्या नऊ जणांत सहा बायका. जागृतीनं नायकाच्या विरोधकाचं, डायोक्लीसचं भाषण वाचून दाखवलं. मोरेश्वर ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "दाढी चालेल तुम्हाला?"

"चालेल," जागृती म्हणाली. "पण यातली चार पानं कापा. हा माणूस भांडतोय, निबंध वाचत नाहीये."

तालमींना रामभाऊ जायचे. मोरेश्वर आणि जागृती एकेका वाक्यावरून तासभर वाद घालत, आणि वाद संपला की ते वाक्य नाटकात नसे. अकराची सात भाषणं झाली. मोरेश्वर रोज म्हणायचा की नाटक मेलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

प्रयोग ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी झाला, हॉल तेव्हाच मिळाला म्हणून. शाळेचं ऑडिटोरियम भरलं होतं. तिसऱ्या अंकात अथेन्सची सभा. युद्ध करायचं की तह, यावर नायक मोरेश्वर युद्धाच्या बाजूनं बोलतो, डायोक्लीस तहाच्या. अथेन्समध्ये हात वर करून मत देत, म्हणून मोरेश्वरनं लिहून ठेवलं होतं की प्रेक्षकांनाच नागरिक समजून हात वर करायला सांगायचं. प्रेक्षक अर्थात नायकाच्या बाजूनं हात वर करणार, आणि मग विजयाचं भाषण.

मोरेश्वर झकास बोलला. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत भिंतींना लागत होता. मग पांढऱ्या चादरीत, काळ्या दाढीत जागृती पुढे आली. ती मोठ्यानं बोललीच नाही. तिनं पहिल्या रांगेतल्या एका माणसाला विचारलं, "तुझा मुलगा किती वर्षांचा?" तो गडबडून खरंच म्हणाला, "सोळा." "मग तू ऐक," ती म्हणाली, आणि त्याला सांगावं तसं सगळ्यांना सांगत गेली. त्या वर्षी टीव्हीवर रोज एक युद्ध चाललेलं होतं. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

मोरेश्वरनं हात वर करायला सांगितलं. युद्धासाठी पंधरा-वीस हात आले. तहासाठी सगळं ऑडिटोरियम वर गेलं. मुलांनी तर दोन्ही हात वर केले. रामभाऊंनी तिसऱ्या रांगेत पाहिलं, शैलजाचा हात सगळ्यांत उंच होता.

मोरेश्वर रंगमंचाच्या मधोमध उभा राहिला. त्याच्याकडे विजयाचं भाषण होतं, पाठ, साडेतीन पानं. विंगेत प्रॉम्प्टर सुवर्णाताई कागद घट्ट धरून उभ्या होत्या. रामभाऊंना वाटलं, हा आता बोलणार. तो ती साडेतीन पानं बोलूनच दाखवणार.

मोरेश्वरनं हॉलवरून नजर फिरवली. मग डोक्यावरचा पानांचा मुकुट काढला आणि जागृतीच्या हातात दिला.

"नगरानं ठरवलं," तो म्हणाला. "मी ऐकतो."

आणि खाली बसला. पडदा ओढायला कोणी नव्हतं, कारण दरवर्षी तो जागृती ओढायची. म्हणून ते दोघं तसेच राहिले आणि टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. शेवटी आयुष धावत गेला, त्यानं चुकीची दोरी ओढली आणि दिवे गेले.

जेवायला साडेदहा वाजले, पण कोणी कुरकुर केली नाही. मोरेश्वर ताट घेऊन रामभाऊंच्या शेजारी येऊन बसला. मेकअप अजून तसाच होता.

"काका, ते शेवटचं वाक्य जमलं का?"

"फार छान जमलं."

"दोनच वाक्यं होती," मोरेश्वर पुरी तोडत म्हणाला. "पण काय आहे, दोन वाक्यं बोलण्यामागंही एक शास्त्र आहे. म्हणजे बघा, प्राचीन काळी..."

रामभाऊंनी ताट बाजूला ठेवलं, पाय पसरले आणि ऐकायला लागले. आठ दिवसांनी त्यांचं नागपूरचं विमान होतं. तोवर त्यांना वेळच वेळ होता.